बगळ्याच्या पिशवीतलं शेवटचं पत्र

धाकलूकाका पाडेली. हे नाव आधी लिहून ठेवते, मग पुढचं सांगते. माझं लिहिणं भरकटणारं आहे. एकदा पेजेच्या वासात नाहीतर आईच्या रागावण्यात शिरले की ज्यांच्यासाठी लिहायला बसले तेच राहून जायचे. म्हणून धाकलूकाका पहिल्या ओळीत. ते नसते तर मी तो बगळा पाहिला नसता, माझा धाकटा भाऊ दिनू त्या थंडीत पोटभर जेवला नसता, आणि आज इतक्या लांब जबलपूरला, या वयात, "अरे, अजून एकदा शोध ना" असं म्हणत मी नातवाच्या मोबाइलमागे फिरले नसते. माडावर चढून नारळ उतरवणं हे काकांचं काम, आमच्या रत्नागिरीकडे अशा माणसाला पाडेली म्हणतात. त्यांचा मुलगा मुंबईला होता. त्याचं पत्र आलं की काका ते टोपीत घालून आमच्याकडे यायचे आणि मी वाचून दाखवायचे. काकांना अक्षर येत नव्हतं आणि मला येत होतं, सहावीपर्यंतचं का होईना.

सहावीत माझी शाळा सुटली. खरं सांगायचं तर तेव्हा त्याचं फार वाईट वाटलं नाही. व्यवहारी अपूर्णांक सुटले याचा आनंदच जास्त होता. वाईट पुढे वाटलं. बँकेत फॉर्म भरताना, मुलांच्या शाळेत बाईंसमोर बसताना, आणि आता हे लिहितानाही वाटतंय. एकेक वाक्य तीनदा वाचते, गॅस बंद केलाय का ते उठून पाहते आणि पुन्हा वाचते. असो. शाळा सुटायचं कारण दिनूचा मुदतीचा ताप. बाबा मुंबईला, आई सकाळी काजू सोलायला कारखान्यात जायची ती काजूच्या चिकाने काळी झालेली बोटं घेऊन संध्याकाळी परत यायची. सहा वर्षांच्या तापाळलेल्या मुलाजवळ कोण बसणार? मी बसले. एक महिना म्हणता म्हणता अडीच झाले, तोवर सहामाही परीक्षा होऊन गेली आणि मग कुणी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

ताप उतरला, पण जाताना दिनूची भूक घेऊन गेला. डॉक्टरांनी पेज द्यायला सांगितली होती. चुलीवर उकड्या तांदळाची पेज रटरटायला लागली की एरवी मला त्या आवाजानेच भूक लागायची. झाकण उचकटायचं, खाली बसायचं, पुन्हा उचकटायचं. दिनू मात्र तो आवाज ऐकला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मेतकूट घातलं, लिंबाचं जुनं लोणचं वाटीच्या कडेला लावलं, पोह्याचा पापड भाजून त्याच्या कानाशी कुडुमकुडुम मोडला. काही नाही. बोलणंही बंद केलं होतं त्याने. मान हलवायचा, बस. आईने हेदवीच्या गणपतीला नवस बोलून ठेवला होता, पण नवस बोलून आई कामावर जायची आणि पेज भरवायला उरायचे मी.

त्याच सुमारास मी तात्यांच्या खिडकीतून तो बगळा पाहिला.

वाडीत टीव्ही एकच, तात्यांचा. तात्या मुंबईत गोदीत नोकरी करून परत आलेले. येताना सामानात टीव्ही आणला आणि त्याला लाकडी सरकती दारं करून घेतली. दारांना कुलूप आणि कुलपाची किल्ली करगोट्याला. त्यामुळे टीव्ही लावायचा म्हणजे तात्यांना आधी भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागे आणि आम्ही मुलं खाली बघून हसायचो. पडवीत बायका-पुरुष, पुढे मुलं, आणि जागा नसली की खिडकीचे गज. चित्र काळंपांढरं. तरी एक म्हातारी शपथेवर सांगायची की बातम्यावाल्या बाईचं लुगडं हिरवं होतं.

त्या रविवारी कार्यक्रम संपल्यावर पुढच्या आठवड्याची जाहिरात दाखवली. दहा मोजेपर्यंत संपलीसुद्धा. कागद कापून केल्यासारखा एक उंच बगळा, गळ्यात टपालाची पिशवी, आणि त्याचे ते काटक्यांसारखे पाय असे काही पडत होते की मला खिडकीबाहेर एकटीला हसू फुटलं. मी धावत घरी आले आणि दिनूसमोर तशी चालून दाखवली. डोक्यावर सूप, गळ्यात आईची पिशवी. दिनू बघत राहिला. मग अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्याने स्वतःहून विचारलं, "मग?"

"मग काय ते पुढल्या रविवारी. पण पेज जेवणाऱ्या मुलांनाच तात्या आत घेतात."

हे मी तिथल्या तिथे रचलं. पण दिनू उठून बसला. रोज दोन वाट्या पेज, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. प्रत्येक वाटीला एकच प्रश्न, "दाखवशील ना?" आणि मी, "दाखवेन." आईने हे दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी काळी बोटं माझ्यासमोर नाचवत म्हणाली, "शकू, आजारी पोराला शब्द दिलायस. नाय दाखवलंस तर तो पुन्हा भिताडाकडं तोंड करून पडेल, आणि मग मी तुला बघून घेईन." तो आठवडा मला झोप नाही. वीज गेली तर? तात्यांची किल्ली हरवली तर? दिनूला पुन्हा ताप आला तर? काळजी करण्यात मी तेव्हापासूनच हुशार आहे, त्यात पहिला नंबर दुसऱ्या कुणाला घेऊ देणार नाही.

या सगळ्यात अँटेनाची काळजी मात्र मी केली नव्हती.

आमची वाडी डोंगराच्या कुशीत, घराच्या छपरावर अँटेना लावून काही पकडत नसे. तात्यांनी ती आगरातल्या सगळ्यात उंच माडाच्या शेंड्यावर बांबूला बांधून लावून घेतली होती. मुंबईहून पाहायला आलेला त्यांचा जावईसुद्धा म्हणाला, वा, फुकटचा खांब! पण खांब आणि माड यांत फरक आहे. माड वाढतो. आतून नवी झावळ सुटते, ती बांबूला ढकलते. जुनी गळते, तिच्याबरोबर दोर सैल होतो. आम्ही सगळी माडांच्या सावलीत जन्मलेली माणसं, पण टीव्ही आल्याच्या आनंदात ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. दर दीड-दोन महिन्यांनी अँटेना तोंड फिरवून समुद्राकडे बघायला लागे आणि पडद्यावर मुंग्या. मग धाकलूकाकांना बोलवायचं. ते वर चढून तिला पुन्हा रत्नागिरीच्या टीव्ही मनोऱ्याकडे वळवायचे.

रविवारी सकाळी दिनूला वाकळीत गुंडाळून पाठीवर घेतला आणि तात्यांकडे गेले. पडवी भरलेली. तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं, किल्ली काढली, दारं सरकवली, टीव्ही तापेपर्यंत सगळे गप्प. आणि मुंग्या. नुसत्या मुंग्या. आत कुठेतरी कुणी बाई हिंदीत बोलत होती, तेवढाच काय तो आवाज.

"फिरली वाटतं," तात्या म्हणाले. "धाकल्या उद्या येणाराय, उद्या बघू."

"तात्या, उद्या नसतं ते! आजच हाय."

"मग मी काय करू? मी चढू माडावर?"

दिनूने पाठीवरून विचारलं, "ताई, मुंग्या संपल्या की बगळा येतो का?" मी त्याला एका काकूच्या मांडीवर ठेवला आणि पळाले. रविवारी काका खाडीपलीकडच्या आगरात जायचे हे मला ठाऊक होतं. खाडी ओलांडायच्या तरीत, म्हणजे होडीत, एक पाय टाकलेला असताना मी त्यांना गाठलं. पाठीला कोयता, खांद्यावर दोर, तोंडात तंबाखू. धापा टाकत मी काय सांगितलं ते मलाच कळलं नाही. काकांनी तंबाखू पाण्यात थुंकली.

"बगल्यासाटी?" ते म्हणाले.

"दिनूसाठी, काका. तो जेवणार नाय."

काकांनी तरवाल्याकडे बघितलं. "जा रे बाबा तू. तिकडं सांग, धाकलूच्या पोटात दुकतंय." आणि माझ्यापुढे चालायला लागले. "दुकत नाय, पन दुकंल. येवडा जोरात पलवलंस तर."

पायात दोराचा फास अडकवून ते माडावर चढले तेव्हा मतलई वारा सुटलेला होता, डोंगरावरून समुद्राकडे वाहणारा आमचा सकाळचा वारा. माड शेंड्याकडे झुलत होता, काकांसकट. तात्या टीव्हीपाशी, मी खिडकीच्या गजांत, अंगणात दोन पोरं, अशी आमची हाकांची साखळी लागली.

"उजवीकडं!"

"उजवीकडं म्हनतायत वो काका!"

"माजी उजवी का टीवीची उजवी?"

"तात्या, कुणाची उजवी विचारतायत!"

"त्याला सांग, देवळाकडची!"

वरून शिवी आली ती लिहीत नाही. मग एकदम पडद्यावर चोच आली. मग मान. मग पिशवी. पडवीत एकच गलका. काकांनी बांबू बांधला आणि हात काढला, की मुंग्या. पुन्हा धरला, बगळा. सोडला, मुंग्या. झावळ तुटलेली, दोर घसरत होता आणि वारा काही ऐकत नव्हता. गोष्टीचं नाव त्यात निघून गेलं. ते नाव तेव्हा दिसलं असतं तर आज माझी ही वणवण झाली नसती.

मग वरून काकांचा आवाज आला, "तुमी बगा. मी धरून बसतो हितं. आटापलं की आरडा."

आणि ते बसले. झावळींच्या बेचक्यात, एका हाताने माड आणि एका हाताने बांबू धरून. आम्ही बघत राहिलो.

काय होतं ते, कसं सांगू? कुठल्या तरी परदेशातलं असावं. कागदाची कापलेली झाडं, कागदाचा पाऊस, आणि वर एक बाई हिंदीत गोष्ट सांगत होती. तात्या मधूनमधून मराठी करून सांगायचे आणि त्यांना हिंदी अडलं की, "म्हणजे आपलं ते, चालू आहे," असं म्हणायचे. बगळा रानातला टपालवाला, पण त्याला वाचता येत नव्हतं. कुणाला सांगायची लाज. पत्र घ्यायचा, चोचीने हुंगायचा, आणि मनाला येईल त्या दारात टाकायचा. वाघाचं पत्र सशाला. कोल्ह्याच्या लग्नाचं आमंत्रण चिखलातल्या डुकराला, आणि ते डुक्कर नवा कोट घालून निघालं! दिनू हसत होता. आवाज न काढता, खांदे हलवून. मी पडद्याकडे कमी आणि त्याच्या खांद्यांकडे जास्त बघत होते. मध्येच वारा आला की बगळ्याची मान ताणून दोन हात लांब व्हायची आणि परत जागेवर यायची. ते आम्हाला गोष्टीतलंच वाटलं. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या लक्षात आलं की ती काकांच्या झुलणाऱ्या माडाची मान होती.

शेवटी बगळ्याच्या पिशवीत एकच पत्र उरतं. कुणाच्याच दाराला ते जमत नाही. सगळ्या रानात फिरून दमलेला बगळा एका म्हाताऱ्या कासविणीकडे येतो आणि कबूल करतो, मला वाचता येत नाही. कासवीण चष्मा लावते, पत्र उलटंपालटं करते आणि पत्त्यावर बोट ठेवते. "अरे," तात्या म्हणाले, "हे तर त्याचंच! बगळ्याचंच पत्र!"

आणि दिनू ओरडला. आठवड्यापूर्वीपर्यंत ज्याच्या तोंडून हूं की चूं निघत नव्हतं तो माझा भाऊ मांडीवरून उठून उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला, "त्याचंच हाय!" त्याच्यामागून सगळी मुलं ओरडली, मुलांमागून बायका, अंगणातली दोन पोरं तर उड्याच मारायला लागली. कासविणीने पाकीट फोडलं, कागद उलगडला, चष्मा सरळ केला.

मुंग्या.

क्षणभर कुणाला कळेना. मग मला कळलं. आटापलं की आरडा. आम्ही आरडलो होतो. काका खाली उतरत होते.

तात्या दाराकडे निघाले तेच शिव्या तोंडात घेऊन. "थांब, आता त्या धाकल्याला..." मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसाच्या वाटेत आडवी उभी राहिले. "तात्या, नको. काका काय बोलले होते ते आठवा. चुकी आपली हाय." तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीतून बाहेर बघितलं आणि परत टीव्हीपाशी गेले. काका अंगणात येत होते. छातीवर आणि पोटऱ्यांवर खोडाचे ओरखडे, हात बांबू धरून धरून असा आखडलेला की बोटं उघडत नव्हती. ते पायरीशीच थांबले, आणि तोंडभर हसले.

"बगितलास मा सगला?" त्यांनी दिनूला विचारलं.

दिनूने माझ्याकडे बघितलं. मी दिनूकडे. सहा वर्षांचा मुलगा, पण शहाणा होता. "होय," तो म्हणाला.

"मग सांग, काय झालं बगल्याचं?"

दिनूने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मग मी सांगितलं. सशाचं, डुकराच्या कोटाचं, सगळं. काका पायरीवर बसून ऐकत होते आणि ज्या ठिकाणी आम्ही हसलो होतो त्याच ठिकाणी हसत होते. बगळ्याला वाचता येत नाही म्हटल्यावर मात्र हसले नाहीत. शेवटी म्हणाले, "आनि त्या पत्रात काय लिवलेला?"

पडवीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तात्यांनीसुद्धा खाकरणं आवरलं.

"लिहिलं होतं," मी म्हटलं, "किती वणवण फिरतोस उन्हातान्हातून. आता पुरे. घरी जेवायला ये."

काकांनी विचारलं, "कोनी लिवलेला?"

"कासविणीनेच."

"बरी होती म्हनायची कासवीन," काका म्हणाले आणि कोयता पाठीला लावून खाडीकडे चालू लागले.

खोटं बोलणं मला त्या दिवशी नवं नव्हतं, हेही लिहून टाकते. काकांचा मुलगा पत्रात दोनच ओळी लिहायचा, इकडे ठीक आहे, तिकडे ठीक असावं. मी चार वाचायचे. "माडावर जपून चढा" ही ओळ त्याने कधीच लिहिली नाही, ती माझी. काका ती पुन्हा वाचायला सांगायचे आणि मला भीती वाटायची की दुसऱ्यांदा माझे शब्द बदलतील. शाळा सुटलेल्या मुलीला जेवढं वाचता येत होतं त्याहून जास्त मी त्यांना वाचून दाखवलं. त्याचा हिशेब वर कुठे होतो, मला माहीत नाही.

घरी येताना दिनू पाठीवर बसायला तयार नव्हता. चालत आला, बगळ्यासारखे पाय टाकत. आईने दुपारी कुळथाचं पिठलं आणि भात केला होता, बरोबर भाजलेली सुकट. दिनूची वेगळी पेज होती. त्याने पेजेची वाटी बाजूला सारली. माझा जीव गेला. मग म्हणाला, "मला पिठलंभात. बगळ्याला बोलावलं तसा मला बोलाव." आईला काही समजेना. ती म्हणाली, "अरे मेल्या, समोर तर बसलायस!" पण तो उठून दारात जाऊन उभा राहिला. मी आईच्या कानात पत्रातले शब्द सांगितले. शेवटी तिने काळ्या बोटांचा हात हलवून बोलावलं, "ये रे बाबा, वणवण पुरे झाली, जेवायला ये." त्याने दोनदा भात घेतला. आई चुलीकडे तोंड करून बसली ती बराच वेळ वळली नाही.

तो अर्धा तास मी आता वर्षानुवर्षं शोधतेय. लग्न होऊन इकडे आले, डबे करून देता देता केस पिकले. नातू मोबाइलवर बगळा, टपाल, कासव, काय काय टाकून बघतो. कोणी म्हणतं रशियाकडचं असेल, कोणी म्हणतं चेकोस्लोव्हाकियाचं, कोणी म्हणतं आजी, असं काही नव्हतंच, तुम्हाला स्वप्न पडलं असेल. मग मी घाबरते आणि दिनूला फोन लावते. तो आता आजोबा झालाय. तो म्हणतो, ताई, होतं ना! पण डुकराचा कोट चौकड्यांचा होता म्हणतो. मी म्हणते साधा होता. यावर आमचं दर दिवाळीला भांडण होतं.

धाकलूकाका अजून आहेत. माडावर चढणं केव्हाच सुटलं, डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, आता चांगलं दिसतं म्हणतात. मागे फोनवर त्यांच्या नातसुनेने बोलणं करून दिलं. मला म्हणाले, "गो बाय, तुज्या त्या कासवीनीचा पत्र मी आमच्या पोरांना सांगतो. ती बोलतात, आजा, परत सांग." मला तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी औषधं वेळेवर घ्या म्हटलं आणि फोन ठेवला.

तेव्हा काका, इथे लिहून देते. ते चित्र कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी कपाटात पडलेलं असणारच, आणि मी ते शोधणार. सापडलं की जबलपूरहून निघेन, तुम्हाला खुर्चीत बसवेन, पायरीवर नाही, आणि पहिल्यापासून दाखवेन. मान न ताणलेला, सरळ मानेचा बगळा तुम्ही बघाल. कासवीण कागद उलगडेल तेव्हा त्यावर जे असेल तेच मी तुम्हाला वाचून दाखवेन. माझा एक शब्दही त्यात घालणार नाही. आणि त्यात जेवायला बोलावलेलं नसलं, तर जेवण मी वाढेन.